फुआतिनोचं अर्धं ताट

फुआतिनोला पोटभर जेवताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि मी काही तिची लांबची नाही. आमचे बाप सख्खे भाऊ, घरं एकाच अंगणात, पुढे समुद्र आणि मागे तारोच्या कंदांचं शेत. सामोआतल्या त्या गावातून मी लग्नाआधीच ऑकलंडला आले, ती तिथेच राहिली. तिथेच लग्न केलं, चटया विणल्या, सहा पोरं वाढवली, नवऱ्याला पुरलं. बाई कामाला वाघ. जेवायला मात्र चिमणी, असं सगळं गाव म्हणायचं, आणि गावाला काय कळतं!

आमच्याकडे मोठी माणसं आधी जेवतात. पोरं मागे पंखे घेऊन बसतात, माश्या हाकतात, आणि मोठ्यांनी ताट पुढे सरकवलं की त्यात उरलेलं खातात. माझा बाप ताटात काटेसुद्धा ठेवायचा नाही, मेला. मी सुट्टीला गावी जायचे तेव्हा बघायचे, फुआतिनो माशाची शेपटी खायची, तारोचा एक तुकडा चावायची आणि ताट सरकवायची. "झालं गं माझं," म्हणायची. माशाचं पोट, डोकं, अळूच्या पानांत शिजवलेलं नारळाचं घट्ट दूध, सगळं जिथल्या तिथे. सहाही पोरं तुटून पडायची, आणि सगळ्यांच्या आधी कोणाचा हात? लांगीचा. सगळ्यात धाकटी आणि सगळ्यात खादाड.

तीच लांगी आता माझ्या घरासमोर राहते. ब्रेडच्या कारखान्यात कामाला जाते, तिला तीन पोरं आहेत, आणि एलिया नावाचा बडबड्या नवरा. आईला बोलवून बोलवून तिचा घसा बसला होता. "आई, एकदा ये. मला तुला जेवू घालायचंय," दर फोनला हेच. आईची कारणं तयार. चटई अर्धी आहे, डुकरीण व्यायची आहे, चर्चचं छप्पर घालायचं आहे. शेवटी यंदा थंडी ओसरल्यावर आली, बारीक विणीची चटई पोराला घ्यावं तशी कवटाळून. विमानतळावर लांगी तिच्या गळ्यात पडून अशी रडली की लोक वळून बघत होते.

त्या संध्याकाळी मीही जेवायला होते. लांगीने काय केलं नव्हतं? नारळाच्या दुधातला मासा, तारो, अळूची पानं, कोंबडी. एलियाने प्रार्थना म्हटली आणि पोरांनी आपापली ताटं भरून आमच्याच टेबलावर जेवण सुरू केलं. इथे तसंच चालतं, मीही तशीच झाले आहे. फुआतिनोने शेपटी खाल्ली, तारोचा तुकडा चावला आणि ताट सरकवलं.

"झालं गं माझं. फार छान झालंय."

"आई, तू काहीच खाल्लं नाहीस!"

"पोट भरलं बाई."

ताट तिथेच पडून राहिलं. पोरं केव्हाच उठून टीव्हीपुढे गेली होती. मग लांगीने ते उचललं आणि सगळं कचऱ्याच्या डब्यात ओतलं. फुआतिनो त्या डब्याकडे बघतच राहिली.

पुढे रोज तेच. लांगी नवं काहीतरी करायची, आई अर्धं ठेवायची, अर्धं डब्यात जायचं. एलिया म्हणायचा, "सासूबाई, माझ्या बायकोच्या हाताला चव नाही का? मी इतकी वर्षं खातोय, अजून जिवंत आहे." सगळे हसायचे, लांगी सोडून. आणि फुआतिनो ताटाची भरपाई झाडूने करायची. लांगी कामावरून यायच्या आत अंगण झाडलेलं, कपडे घड्या घालून ठेवलेले, भांडी चकाचक.

"आई, ठेव तो झाडू! तू पाहुणी आहेस."

"लेकीच्या घरी कसली गं पाहुणी?"

"मग लेकीच्या घरचं नीट जेव की!"

एवढं मोठ्याने बोलली की मला रस्त्यापलीकडे ऐकू आलं.

एका सकाळी लांगी माझ्याकडे आली, चहाला हातही लावला नाही. "मावशी, आईला अजून वाटतं का, की माझ्या घरात कोणी उपाशी आहे? लहानपणी मला वाटायचं, तिला भूकच कमी. मला पोरं झाली तेव्हा कळलं. रोज, मावशी, रोज तिचं अर्धं जेवण मी खाल्लंय. मला तिला काही परत करायचं नाहीये. मला तिला एकदा पोटभर खाताना बघायचंय. एवढंच. तिचं वय काय, परत येईल की नाही कोणास ठाऊक."

मी तिला नाक पुसायला फडकं दिलं.

दुसऱ्या दिवशी दारात फुआतिनो. "तासी, मला परत पाठव. लांगीला सांगायचा धीर होत नाही, तू सांग."

"का? तुला इथे कोणी चावलं का?"

"माझं उरलेलं कचऱ्यात जातं गं." ती पायरीवर बसली. "तिला वाटतं मला तिचं जेवण आवडत नाही. अगं, किती चविष्ट करते! पण घास वर जातो आणि वाटतं, आता मागे कोणाला तरी हवा असेल. गावाकडे तरी काय? ताट पुढे येतं, मागे पंखा घेऊन कोणी नाही. सगळी गेली. कोणी इथे, कोणी सिडनीला. तरी मी अर्धं ठेवतेच. डुकराला घालते. म्हटलं, इथे तरी घर पोरांनी भरलेलं असेल."

माझं तोंड कसलं गोड! मी म्हटलं, "दोघी मायलेकी सारख्याच शहाण्या! पांढरा रविवार आठवड्यावर आलाय. नातवंडं चर्चमध्ये वचनं म्हणणार आहेत. त्यांची ऐक आणि मग खुशाल जा." नातवंडांचं नाव काढल्यावर ती थांबली.

पांढरा रविवार म्हणजे पोरांचा दिवस. वर्षातला हा एकच दिवस पोरं आधी जेवतात आणि आईबाप वाढतात, मागे उभे राहतात. फुआतिनोचा हा लाडका सण, आधीपासूनच. चर्चमध्ये थोरली सेफिना अर्ध्या वचनात अडकली, तर आजी बाकावरून ओठ हलवून तिला सांगत होती.

घरी आल्यावर लांगीने टेबल भिंतीला लावलं आणि खाली चटया अंथरल्या. पांढऱ्या कपड्यांतली तिन्ही पोरं ऐटीत बसली. लांगी आणि एलिया वाढत होते आणि फुआतिनो पंखा घेऊन पोरांच्या मागे बसली होती. मधल्याने तिसऱ्यांदा कोंबडी मागितली तेव्हा ती खळखळून हसली. आल्यापासून पहिल्यांदा. आइस्क्रीम संपवून पोरं पोटं धरून अंगणात पळाली.

मग लांगीने आईला चटईवर बसवलं. पुढे अख्खा मासा ठेवला, डोक्यासकट, तारो ठेवले, अळूची पानं ठेवली. पंखा आईच्या हातून घेतला आणि स्वतः तिच्या मागे बसली, लहानपणी बसायची तशी.

फुआतिनोने शेपटी खाल्ली. तारोचा तुकडा चावला. आणि तिचा हात ताटाकडे गेला, सरकवायला.

"आई, मागे बघ," लांगी म्हणाली.

"काय गं?"

"बघ तर खरं. कोण राहिलंय?"

फुआतिनोने वळून खिडकीतून पाहिलं. मधला गवतावर आडवा पडला होता, सदऱ्याची बटणं सोडून. सेफिना धाकट्याच्या तोंडाचं आइस्क्रीम पुसत होती.

"आज पोरं आधी जेवली, आई. सगळ्यांची पोटं भरली. तुझ्या मागे कोणी उपाशी नाही."

"तू आहेस ना," फुआतिनो म्हणाली. "तू कुठे जेवलीस?"

मी मनात म्हटलं, गेलं! आता ही ताट लेकीपुढे सरकवणार. लांगीचा पंखा थांबला.

"मी जेवलेय, आई," ती म्हणाली. "लहानपणीच जेवलेय. तुझ्या ताटातलं."



फुआतिनो बराच वेळ ताटाकडे बघत बसली. मग तिने ते दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढलं. माशाच्या डोक्यातलं गालाजवळचं मांस बोटांनी काढलं आणि तोंडात घातलं. "अगं बाई," ती म्हणाली, "हे असं लागतं होय!"

मग ती जेवली. पोट खाल्लं, अळूची पानं खाल्ली, नारळाचं दूध बोटांनी निपटून चाटलं, डोकं फोडून चोखलं. सावकाश, कोणाकडे न बघता. लांगी मागून पंखा हलवत होती. आमच्या इथे या दिवसांत माश्या नसतात, पण ती हलवत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला तिला हात मोकळा नव्हता. मला काय झालं होतं कोणास ठाऊक, मीही रडत होते.

ताटात काटे तेवढे राहिले. फुआतिनोने ताट उचललं आणि मागे न बघताच खांद्यावरून लेकीपुढे धरलं.

"लांगी," ती म्हणाली, "अजून आहे का गं?"

लांगी अशी काही उठली की पंखा माझ्या अंगावर येऊन पडला.