आमच्या आरोळीची चाल

कुर्डुवाडी सुटलं आणि माझं डोकं तापायला लागलं. गाडी वेळेवर होती, खिडकी मिळाली होती, शेजारच्या बाईंनी भाकरीवर शेंगाचटणी घालून पुढं केली होती. तक्रारीला जागाच नव्हती. पण सोलापूर जवळ आलं की मला सरू आठवते, आणि सरू आठवली की राग येतो. बावीस वर्षं हा नेम चुकलेला नाही.

पुण्यात माझं आहेराच्या वस्तूंचं दुकान आहे. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून टॉवेल घ्यायचे होते. फोनवरही काम झालं असतं. पण फोनवर टॉवेलचा पोत हाताला लागत नाही आणि भाव पाडल्यावर समोरच्याचं तोंड कसं होतं ते दिसत नाही. शिवाय या खेपेला सरूच्या घरी जाऊन तिला चार शब्द ऐकवायचे, हे पक्कं केलं होतं.

ही सरू कोण, ते सांगते. तरुणपणी आम्ही दोघी सोलापुरात डोक्यावर टोपल्या घेऊन हिंडायचो. घरोघरचे जुने कपडे घ्यायचे, बदल्यात स्टीलची भांडी द्यायची. हिंडायचं बरोबर, पण गल्ल्या वाटून घेतलेल्या; जिच्या गल्लीत जे मिळेल ते तिचं. आरोळीही दोघींत वाटून घेतलेली. गल्लीच्या तोंडाशी मी चढ्या सुरात म्हणायची, "भांडी घ्याऽऽ, नवी भांडीऽऽ!" आणि सरू खालच्या सुरात उत्तर द्यायची, "जुनं द्या, विटकं द्या, जरीचं आधी द्याऽऽ!" शब्दांकडं कुणाचं लक्ष नसे. चाल कानावर आली की बायका कपाट उघडायच्या. ही चाल मी बांधली होती. सरूनं ती आपल्या जावेला शिकवली आणि दोघी माझ्या गल्ल्यांतून फिरल्या. दोन दिवसांनी मी गेले, तर दारातून बायका म्हणाल्या, "अगं, परवाच येऊन गेलीस की!" चाल तीच म्हणजे बाई तीच. मी जाब विचारला तेव्हा सरू म्हणाली, "व्हय, शिकवली." एवढंच. मी पुण्याला निघून गेले. त्यातूनच पुढं दुकान उभं राहिलं हे खरं, पण त्याचं श्रेय मी तिला देणार नाही.

टॉवेलचं काम दुपारपर्यंत आटोपलं. कारखान्याचे मॅनेजर शेवटी हात जोडून म्हणाले, "मावशी, आता जेवून तरी जा, म्हणजे तुमचं तोंड जरा बंद राहील." जेवले. आमटी झणझणीत होती. भाव आणखी थोडा उतरला.

शहरात आल्यावर रिक्षावाल्याशी जुंपली. मी सांगितलेला आकडा ऐकून तो म्हणाला, "क्या मौसी, इत्ते में तो चाक में हवा बी नै भरती!" (एवढ्यात चाकात हवासुद्धा भरत नाही.) मी हटले नाही. त्यानं हसत हसत मला बसवलं आणि माझ्याच पैशांच्या हिशेबानं अलीकडच्या चौकात उतरवलं. उरलेली वाट उन्हातून पायी. मग काय, भांडून थोडीच गल्ली जवळ येते?

दोन्ही बाजूंना यंत्रमाग चालू होते. तो खडखडाट कानात शिरला आणि मला कडकडून भूक लागली. आमटी-भात खाऊन तास झाला नव्हता. मग लक्षात आलं, आम्ही रोज दुपारी अशाच एका मागाच्या शेडजवळ पायरीवर भाकरी सोडायचो. डोक्याला विसर पडला होता, पोटाला नाही.

सरूच्या दारात तिची सून उभी होती. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "तुमीच व्हय कमळमावशी? या की. पर आत्या बोलत न्हाईत आता. लकवा मारलाय."

सरू खाटेवर बसली होती. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. मला बघून तिनं तोंड उघडलं. "अ… अ…" शब्द येईना, तशी तिनं डाव्या हातानं खाटेवर फाटकन मारलं. कुर्डुवाडीपासून घोकलेलं सगळं माझ्या तोंडाशी तयार होतं. पण जी उलटून बोलणार नाही, तिच्याशी कसलं भांडायचं?

"पर गातात," सून म्हणाली. "दोन म्हयने तोंडातनं चकार शब्द न्हवता. येक दिवस गल्लीत भांडीवाली आली, तिच्या आरोळीला आत्यांनी हितनं उत्तर दिलं! डॉक्टर म्हणले, असं हुतं. आता चा पायजे असला तरी त्याच चालीवर मागतात."

मला राहवलं नाही. "भांडी घ्याऽऽ, नवी भांडीऽऽ!"

"जुनं द्या, विटकं द्या, जरीचं आधी द्याऽऽ!" सरूनं स्वच्छ म्हटलं. 'जरीचं'वरची जुनी मुरकीसुद्धा तशीच. माझ्या लगेच डोक्यात आलं की चालीवर ही काहीही म्हणू शकते. मी खाटेवर बसले आणि त्याच चालीत घातलं, "चूक झालीऽऽ, माझी चूऽऽक!"

"काय वं मावशी!" सून भडकली. "आजारी माणसाकडनं असलं वदवून घेता?"

"तू गप बस. हा आमचा सौदा हाय."

तीनदा म्हणून दाखवलं. सरू माझ्या डोळ्यांत बघत होती. मग खालच्या सुरात तिची ओळ आली, "चूक झालीऽऽ, माझी चूऽऽक…" आणि दम न घेता, डावं बोट माझ्या गुडघ्यावर टोचत, "तुझी आधीऽऽ, तुझी बी चूऽऽक!"

सुनेच्या हातातलं भांडं खाली पडलं. हे शब्द सरूला कुणीच शिकवले नव्हते.

आता लिहायलाच हवं. सरू पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा तिच्या वाट्याच्या दोन गल्ल्यांतून मी एकटी फिरले. दोन्ही ओळी मीच म्हणायची, दुसरी हुबेहूब तिच्या सुरात. बायकांना वाटलं, सरूच आहे. ती परत आल्यावर त्या गल्ल्या मी सोडल्या नाहीत. माझं ते धंदा आणि तिचं तो दगा, असं मी बावीस वर्षं धरून चालले होते.

"आधी कशाला म्हणतीस? नुसतं 'तुझी बी' म्हण," मी घासाघीस केली. दोनदा गाऊन दाखवलं. तिनं मान हलवली. "आधीऽऽ!"

आयुष्यात पहिल्यांदा मी पहिल्याच भावात सौदा केला.

मग सून म्हणाली, "मावशी, आणखी ओळी बांधून द्या की. कुटं दुखतंय ते सांगता येत न्हाई त्यांना." दिवस मावळेपर्यंत आम्ही तिघी बसलो. पाठ दुखतीय, पंखा लाव, कूस बदल. 'कूस बदल' काही केल्या चालीत बसेना. शेवटी सरूनंच शब्द मागं-पुढं केले आणि माझ्याकडं असं बघितलं, की मला पुन्हा राग आला.

परतीच्या गाडीत मी मोहोळपर्यंत ते जुनं भांडण आठवायचा प्रयत्न केला. ती काय म्हणाली, मी काय म्हणाले. सगळं आठवतं, पण आता प्रत्येक वाक्य त्या चालीवरच येतं, आणि चालीवर आलेल्या वाक्याचा राग धरता येत नाही.

समोरच्या बाईंनी विचारलं, "काय हो, काय गुणगुणताय मघापासून?"

"भांडण," मी म्हणाले.