आरोपी क्रमांक चौदाचा हंडा

माझ्या नवऱ्याला कोर्टाने शिक्षा केली होती, हे आम्हाला आठ वर्षांनी कळलं. त्यांनाही तेव्हाच कळलं.

साल दोन हजार दोन. आम्ही गोखिवऱ्याला राहत होतो आणि कॅनडात कायमचं स्थायिक होण्यासाठी अर्ज केला होता. अर्ज ह्यांच्या नावाने, त्याला जोडून माझा एक फॉर्म, पण दोन्ही भरले मी. आमच्या घरात सगळे फॉर्म मीच भरते. कॅनडाच्या कामाला माझ्याकडे दहा फायली होत्या, प्रत्येकीवर रंगीत चिठ्ठी, आणि सगळ्यांची मिळून एक यादी. त्या यादीत ‘गुन्हे’ अशीही एक ओळ होती. तिच्यापुढे मी ‘नाहीत’ लिहून बरोबरची खूण केली होती. ह्यांना विचारायची गरजच वाटली नाही. पाहुण्यांना सोडायला गेले तरी प्लॅटफॉर्म तिकीट काढणारा माणूस हा.

शेवटचा कागद राहिला होता पोलिसांच्या दाखल्याचा. त्यासाठी आम्ही दोघं चौकीत गेलो. तिथले हवालदार इथल्याच एका गावचे. त्यांनी वही उघडली, बोट फिरवलं आणि ह्यांच्याकडे नव्या आदराने पाहिलं.

“राणे साहेब, तुमच्या नावावर तर केस हाय.”

“माझ्या?”

“मुकुंद वामन राणे तुमीच ना? बेकायदा जमाव, रस्ता अडवला, पोलिसांशी हुज्जत. गुन्हा कबूल, दंड भरला.”

हे खुर्चीत बसले. मग हळूच माझ्याकडे वळून म्हणाले, “मी हुज्जत घातली?”

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. मीसुद्धा कधी ऐकली नव्हती.

“कशाबद्दल केस आहे?” मी विचारलं.

“हंडा मोर्चा,” हवालदार म्हणाले. “पान्याचा.”

तो मोर्चा मला चांगला आठवत होता. त्याची यादी मी केली होती.

झालं होतं असं. आम्ही नव्या बिल्डिंगमध्ये आलो तेव्हा नळ होते, पाणी नव्हतं. टँकर यायचा तोही लहर लागेल तेव्हा. शेवटी बायकांनी ठरवलं, रिकामे हंडे घेऊन रस्त्यावर बसायचं. मी महिला मंडळाची सेक्रेटरी. मला पाण्याची काळजी होतीच, पण त्याहून मोठी काळजी हंड्यांची होती. आदल्याच महिन्यात हळदीकुंकवाला पाच पातेली बदलली होती आणि दोन घरांत अजून बोलणं नव्हतं. सव्वीस बायका, सव्वीस हंडे, त्यात पोलीस आले आणि पळापळ झाली तर कोणाचा हंडा कोणाकडे जाईल?

म्हणून मी यादी केली. आता हंडा ओळखायचा कसा, तर त्यावर घातलेल्या नावाने. तेव्हा मी जिन्यात उभी राहिले आणि प्रत्येकीचा हंडा फिरवून त्यावरचं नाव उतरवून घेतलं. नाव, फ्लॅट नंबर, पितळी की स्टीलचा. सुंदर यादी झाली होती. रेघा पट्टीने मारल्या होत्या.

पोलीस आले. आम्हाला गाडीत घालून चौकीच्या अंगणात बसवलं. साहेब म्हणाले, “एकेकीने नाव सांगा.” सव्वीस बायका एकदम नावं सांगू लागल्या. साहेबांनी कपाळाला हात लावला. ते बघून मला राहवेना. मी पुढे होऊन म्हटलं, “साहेब, कशाला त्रास? माझ्याकडे यादी आहे.”

त्यांनी यादी उतरवून घेतली, मला परत दिली आणि म्हणाले, “ताई, असं काम आमच्याकडे कोणी करत नाही.” ही शाबासकी मी पुढे महिनाभर सगळ्यांना सांगत होते.

संध्याकाळी सोडलं. हंडे ज्याचे त्याला मिळाले, एकही बदलला नाही. पुढे मोर्चाच्या पुढारी बाईंनी कोर्टात जाऊन सगळ्यांच्या वतीने गुन्हा कबूल केला, दंड भरला, आणि आम्ही तो विषय विसरलो.

मात्र हवालदारांच्या वहीत बघितलं तर त्या दिवशी रस्त्यावर एकही बाई बसली नव्हती. बसले होते ते आमचे नवरे, सासरे आणि वडील. पाटकर काकूंच्या हंड्यावर त्यांच्या सासऱ्यांचं नाव होतं, म्हणून आरोपी क्रमांक सहा भिकाजी पाटकर. (ते जाऊन तेव्हाच सतरा वर्षं झाली होती. त्यांनीही गुन्हा कबूल केला होता.) आरोपी क्रमांक अकराचं नाव होतं ‘महिला भिशी मंडळ, गिरगाव’. आणि माझा हंडा माझ्या वडिलांनी लग्नात दिलेला, त्यावर जावयाचं नाव घालून. क्रमांक चौदा.

हवालदारांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बाय, तुमी शिकलेल्या ना?”

घरी आल्यावर हे म्हणाले, “फॉर्ममध्ये काय लिहिलंयस?”

“गुन्हा नाही असं.”

“खोटी माहिती दिली तर अर्ज बाद. पुढच्या वेळी माझं वय वाढलेलं, म्हणजे कॅनडावाले वयाला देतात ते गुण कमी होणार. म्हणजे संपलंच.” मग म्हणाले, “मोर्चाला गेलो असतो तर निदान वाईट तरी वाटलं नसतं.”

ते मला लागलं. तिथल्या बर्फात गाडी चालवायची म्हणून त्यांनी लायसन्सचं पुस्तकसुद्धा पाठ केलं होतं.

मी कामाला लागले. ह्यांच्या ऑफिसातून त्या दिवसाच्या हजेरीचा दाखला आणला. मूळ यादी ‘पाणी – जुने’ या फायलीत जशीच्या तशी होती. तिच्यावर माझ्याच अक्षरात ‘हंड्यावरील नाव’ असा रकाना होता. हंड्याचे चार बाजूंनी फोटो काढले. जवळच्या एव्हरशाईन वसाहतीतल्या एका वकिलांकडून प्रतिज्ञापत्र केलं. वकील म्हणाले, “वहिनी, एक मुद्दा राहतोय. राणे तिथे नव्हते, मग हा हंडा तिथे गेला कसा?”

“मी नेला.”

“मग तसं लिहावं लागेल.”

लिहिलं. मोर्चापासून चौकीपर्यंत सगळं अकरा मुद्द्यांत लिहिलं. सगळं पाकिटात घालून कॅनडाच्या वकिलातीला पाठवलं आणि दोन महिने पोस्टमनची वाट बघितली. ह्यांनी त्या काळात लायसन्सचं पुस्तक कपाटात वर ठेवून दिलं होतं.

उत्तर आलं. एकच पान. अर्जदार श्री. राणे यांच्याबाबतचा खुलासा समाधानकारक आहे. मी वाचता वाचता ओरडले. हे धावत आले, त्यांनी कागद घेतला आणि खालचा परिच्छेद मोठ्यांदा वाचला. अर्जदाराच्या पत्नीने स्वतःच्या फॉर्ममध्ये ‘पोलिसांनी कधी ताब्यात घेतले होते काय’ या प्रश्नासमोर ‘नाही’ असे लिहिले आहे. तिच्या प्रतिज्ञापत्रातील मुद्दा क्रमांक चार पाहता, याचा खुलासा तिने करावा.

“अहो, पण तो काही गुन्हा थोडाच होता,” मी म्हटलं. “पाण्यासाठी गेलो होतो.”

“तसं लिही,” हे म्हणाले. अठरा वर्षांत इतक्या आनंदात मी त्यांना पाहिलं नव्हतं.

तसंच लिहिलं. या वेळी मुद्दे नाहीत, यादी नाही, सरळ साधं पत्र: घरात पाणी नव्हतं, म्हणून रस्त्यावर बसले, आणि फॉर्म भरताना ते आठवलं नाही, ही माझी चूक. तीन आठवड्यांत दोघांचेही कागद मंजूर झाले.

निघायच्या आठवड्यात मी सामानाच्या याद्या करत होते, तर हंडा दिसेना. संध्याकाळी हे तो बाजारातून घेऊन आले, भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून. ह्यांचं नाव त्याने आडव्या रेघेने खोडलं होतं आणि खाली नवीन घातलं होतं: ‘सौ. सुनंदा मुकुंद राणे, आरोपी क्र. १४.’

मी हंडा फिरवून नीट बघितला. अक्षर सुबक होतं. मग ‘पाणी – जुने’ची फाईल काढली आणि यादीत दुरुस्ती करून घेतली.