दादाच्या हातात न वाजलेला डबा

माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा, मला लहानपणापासून मारत आला. तक्रार म्हणून लिहीत नाही. वडील गेल्यावर त्यानं सातवीत शाळा सोडून नांगर धरला आणि मी बी.एस्सी. होईपर्यंत मला शेतात राबू दिलं नाही. अभ्यास टाकून बोरं वेचताना सापडलो, की तुराटीनं पोटऱ्या फोडायचा. तुराटी मोडली तर दुसरी घ्यायचा. आमच्या घरातला पहिला पदवीधर असा तयार झाला.

पदवीनंतर मी वर्ध्याजवळच्या एका कार्यशाळेत लागलो. नवं शतक सुरू होऊन तीन-चार वर्षं झाली होती. तिथं ड्रिल, लेथ, भंगारातले रेडिओ असं सगळं मांडलेलं असे. कुणीही यावं, काहीही बनवावं. बाहेरगावचे कलाकार येऊन दोन-दोन महिने राहत. त्या वेळी बडोद्याहून एक ताई आल्या होत्या. त्यांना इलेक्ट्रॉनिक वाद्यं बनवायची होती. मला सोल्डरिंग येत होतं, म्हणून मला त्यांच्या हाताखाली दिलं. ताईंनी मात्र पहिल्याच दिवशी अर्धं टेबल माझ्यासाठी मोकळं केलं. त्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

आमचं पहिलं वाद्य साधं होतं. जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, डब्यात एक आयसी चिप, जुन्या ट्रान्झिस्टरचा स्पीकर आणि नऊ व्होल्टची बॅटरी. बाहेर दोन तारा, प्रत्येक तारेला तांब्याच्या नळीचा तुकडा. दोघांनी एकेक नळी धरायची आणि मोकळ्या हातानं एकमेकांना शिवायचं. दोघांच्या अंगातून वीज फिरते, इतकी थोडी की जाणवत नाही, आणि डबा बोलू लागतो. बोट टेकवलं की खालचा सूर, पंजा आवळला की किंचाळी. आठवडाभर आम्ही तो आमच्याच हातांवर जुळवला.

दादाला मी नोकरी लागली एवढंच सांगितलं होतं. मी तिथं वाजणारे डबे बनवतो हे कळलं तेव्हा त्याचा निरोप आला: बोजा बांधून घरी ये, अडत्याकडं दिवाणजीची जागा धरून ठेवली आहे. मला कार्यशाळा सोडायची नव्हती. पण दादाच्या शब्दाबाहेर जाणंही मला जमलं नसतं. ताई म्हणाल्या, "त्यांनी तुझं काम पाहिलंय कुठं? आपण डबाच घेऊन जाऊ." दादानं हो म्हटलं तर मी राहणार होतो, नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवसापासून दिवाणजी.

आमचं गाव अल्लीपूरच्या जवळ. रविवारी सकाळी मारुतीच्या पारावर डबा मांडला. किराणा दुकानदार आणि पोस्टमननं नळ्या धरून हात मिळवले, तसा दुकानदार उडालाच.

"अबे, हे तं रानडुकरावानी बोंबलते!"

मग दादा आला, शेतातून तसाच. त्यानं एक नळी धरली, मी दुसरी. मी त्याचा हात हातात घेतला. काही नाही. पंजा आवळला. डबा मुका. दादाच्या तळहाताला घट्टे होते, टाचेसारखे जाड आणि कोरडे. त्यातून वीज जाईना. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण डबा जुळवणारे चारही हात पेन धरणारे होते.

"याच्यात करंटच नाई बे!" कुणी ओरडलं.

"शिकलेल्यालेच ओयखते वाटते डबा!"

दादाचे कान लाल झाले. "काऊन वाजून नाई राह्यला?" तो हळूच म्हणाला.

"तुहे हात कोरडे हायेत, दादा. पानी लाव जरासं."

"थुका लाव, थुका!" मागून आवाज आला आणि सगळा पार हसला.

दादानं डाव्या हातातली नळी न सोडता उजव्या हातानं माझ्या कानाखाली दिली. डबा किंचाळला. रागानं त्याच्या तळहातांना घाम फुटला असणार.

"वाजला, वाजला! अजून एक दे, भाऊ!"

त्यानं दुसरी दिली. डबा पुन्हा किंचाळला, लोक पुन्हा हसले. तिसरीला माझा ओठ दातावर फाटला. चौथा हात उठला, तेव्हा मी माझ्या हातातली नळी त्याच्या तोंडावर मारली. जन्मात पहिल्यांदा. भुवई फुटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. त्यानं मला पारावरून खाली फेकलं, छातीवर गुडघा रोवला आणि मुठींनी हाणत सुटला. ताई त्याचा सदरा ओढत होत्या. चौघांनी त्याला उचललं तेव्हा कुठे सुटलो. मग त्यानं दगड घेतला आणि झाकण बुडाला टेकेपर्यंत डबा ठेचला.

"हे पाह्य तुही नौकरी. आता घरी नोको येजो."

ताई पोलिसांत जायचं म्हणत होत्या. मी त्यांच्या पाया पडलो. तीन दिवस उजव्या कानात शिट्टी वाजत होती. चौथ्या दिवशी कार्यशाळेत मी नवा डबा घेतला. दादासारखे हात पाहिजे होते, म्हणून सिंदीच्या कापूस बाजारात जाऊन हमालांना नळ्या धरायला लावल्या. "मास्तर, मार कोनाचा खाल्ला?" म्हणत त्यांनी धरल्या. रेझिस्टर बदलत गेलो. पाचव्या खेपेला डबा त्यांच्या हातात बोलला. तोच ताईंच्या हातात इतका किंचाळला की त्यांनी नळी टाकून दिली.

"हा आता आपल्याला वाजवताच येणार नाही," त्या म्हणाल्या.

"राहू द्या," मी म्हणालो.

घरी गेलो तेव्हा दादा अंगणात बसला होता. भुवईवर टाके. मी नवा डबा मांडला, एक नळी धरली आणि दुसरी त्याच्यापुढं केली. त्यानं बराच वेळ घेतली नाही. मग घेतली. मी त्याच्या तळहातावर एक बोट टेकवलं. डबा खालच्या सुरात बोलला. दादा डब्याकडं पाहत राहिला. मग त्यानं मोकळ्या हातानं माझा जबडा धरला आणि ओठ भरला की नाही ते पाहायला तोंड उजेडाकडं फिरवलं. डबा बोंबलू लागला.

वहिनी लाटणं घेऊनच बाहेर धावली. "अजी, पुन्हा मारलं का त्याले!"

"मारलं नाई वं!" डब्याच्या वर आवाज काढत दादा ओरडला. "उद्या जाते तो वर्ध्याले, म्हणून पाहून राह्यलो!"