'किरकोळ' नावाची फाईल

जळगावजवळच्या एका केळी पिकवणाऱ्या गोदामाचा, पावत्यांपासून खोल्यांच्या कूलिंगपर्यंत सगळं चालवणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता. तिथल्या खोल्या सांभाळणारे नाना वेगवेगळ्या दिवशी कापलेली केळी कधीच एकत्र ठेवत नसत. आधी पिकणारा घड बाकीच्यांनाही पिकवतो, म्हणायचे. खोली अर्धी रिकामी राहिली तरी चालेल. मी मालकाला सांगितलं होतं, जागा फुकट जाते.

एका सकाळी मी पावतीवरच्या तारखेची फक्त मांडणी बदलली आणि चार नंबरच्या खोलीतलं कूलिंग बंद पडलं. त्या दिवशी तेवढीच खोली चालू होती, आत ट्रकभर केळी. स्क्रीनवर तापमान चढत होतं: सतरा, अठरा, एकोणीस. नाना माझ्या मागे उभे. माझी बोटं भलतीच बटणं दाबत होती.

चूक माझीच होती. जे कुठे बसेना, ते मी 'किरकोळ' नावाच्या फाईलमध्ये टाकत गेलो होतो: तारीख, मेसेज, तापमानाचं गणितसुद्धा. तारखेची एक ओळ चुकली आणि अख्खी फाईल अडली.

जुनी ओळ परत टाकली, तेव्हा पंखे सुरू झाले. नानांनी कारण विचारलं. मी सांगितलं.

"बठ्ठं एकच खोलीमा कोंबेल शे?"

सगळं एकाच खोलीत कोंबलं होतं, हे मी कबूल केलं.

"मंग मनी अर्धी रिकामी खोलीच बरी," नाना म्हणाले आणि चार नंबरचं दार तपासायला गेले.