सुट्या भागांची गाडी आणि बाबांचा व्हिसा

किस्से ठरवून जमत नसतात. माझे तर गॅरेजमध्ये, तेलकट चिंध्यांच्या बादलीशेजारी जमले. मैत्रिणी अजून विचारतात, "रश्मी, वर्षभर वीकेंडला कुठे गायब असायचीस?" तर ऐका.

माझे बाबा नाशिकच्या बसडेपोत छत्तीस वर्षं मेकॅनिक होते. एका वर्षाच्या व्हिजिटर व्हिसावर ते माझ्याकडे आले, मेलबर्नला, पॉइंट कुकमध्ये. पंधरा दिवसांत घरातले सगळे नळ दुरुस्त झाले आणि बाबा गप्प गप्प राहू लागले. मला ते बघवेना. मी सरळ एक किट कार मागवली. म्हणजे पेट्यांतून सुटे भाग येतात आणि गाडी आपण घरीच जोडायची. बाबांनी जन्मभर दुसऱ्यांनी चालवायच्या गाड्या दुरुस्त केल्या, स्वतःची कधी झालीच नाही. व्हिसा संपायच्या आत ही गाडी त्यांनी एकदा तरी रस्त्यावर चालवावी, एवढंच मला हवं होतं.

*

किटबरोबर जाडजूड पुस्तक आलं. बाबा म्हणाले, "ते तू वाच, मी गाडी बघतो."

पुढची चाकं बसवून झाली आणि सात बोल्ट उरले. बाबा म्हणाले, "जास्तीचे असतील, सोड." मी ऐकते कुठली! दोन दिवस सगळं खोललं, परत जोडलं. पुन्हा सातच उरले. मग मी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं, 'जादा बोल्ट: सात.'

पुढे महिनाभर बाबा रोज सकाळी मी पेपर हातात घेतला की विचारायचे, "शेवटचं पान वाचलंस का?"

*

त्यांच्या डेपोत एक पद्धत होती. ज्याने बोल्ट आवळला, त्याने त्यावर आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा. इथे बाबांचा पिवळा, आणि माझा लाल, माझ्याच नेलपॉलिशचा.

एकदा लाल ठिपक्याचा एक बोल्ट त्यांना ढिला सापडला. त्यांनी तो आवळला नाही. पाना माझ्या हातात दिला आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

"तुम्हीच आवळायचा ना, बाबा."

"मग त्याचा रंग बदलावा लागेल. तुझाच राहू दे."

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

*

शेजारचा ग्रेग रोज कुंपणाशी यायचा. बाबांचं इंग्रजी यथातथाच, ग्रेगचं मराठी शून्य. तरी एका आर्व्होला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, दोघं दोन तास गिअरबॉक्सवर बोलत बसले होते. बाबा मराठीत, तो इंग्रजीत.

मी ग्रेगला विचारलं, "काय म्हणाले ते?"

"नो आयडिया, मेट. बट ही इज राइट."

*

इंजिन बसवायच्या आधीच आम्ही दोन्ही सीट बसवून टाकल्या. पुस्तकात असा क्रम नव्हता, पण बाबांना धीर नव्हता. मग मी कामावरून आले की आम्ही शटर वर करायचो. समुद्रावरचं वारं आत यायचं, ऊन फरशीवर लांबवर पसरायचं आणि आम्ही चहाचे कप घेऊन गाडीत बसायचो. बाबा कप संपवून डोळे मिटायचे आणि स्टिअरिंग धरायचे.

"कुठे आलो, बाबा?"

"कसारा घाट. धुकं आहे, बोलू नकोस."

मी गप्प बसायची. असा किती वेळ जायचा, कळायचंच नाही. त्या गाडीतून मी इतकी फिरले की अजूनही ते धुकं मला आठवतं. एकदा ते म्हणाले, "चल उतर, इगतपुरी आली," आणि मी खरंच उतरले.

*

घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आधी इंजिनिअरची तपासणी. तारीख मिळाली ती बाबांच्या फ्लाइटच्या आदल्या दिवशीची. परमिटही त्या एका दिवसाचंच, तपासणीला जायचं आणि थेट घरी यायचं. निघताना मी बजावलं, "बाबा, इकडेतिकडे कुठे जायचं नाही हं."

"छत्तीस वर्षं नोकरी केली मी. मला नियम शिकवतेस?"

इंजिनिअर तासभर गाडीखाली होता. बाबा हात मागे बांधून उभे होते. शेवटी त्याने डोकं बाहेर काढलं. "ऑल गुड."

"म्हणजे पास?" बाबांनी मला हळूच विचारलं.

"पास, बाबा."

येताना स्टिअरिंग त्यांच्याकडे होतं. वर उघडं आभाळ, कानात वारं. आमची गल्ली आली, आणि मागे पडली.

"बाबा, आपलं वळण गेलं."

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि वरचा गिअर टाकला.