शक्यता शे

अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात भूतकाळ आणि भविष्यकाळ या दोन्ही खात्यांत नोकरी केलेला माणूस एकच, आणि तो माझा मामेभाऊ आहे, हे मी ओळख असो-नसो, कुणालाही ऐकवतो. पुण्यात तो डेटा ॲनालिस्ट होता. म्हणजे कंपनीचा माल कुठे खपला, कुठे पडून राहिला आणि का, हे आकड्यांवरून सांगायचा. ती सवय अंगात इतकी मुरली की सुट्टीत धानोऱ्याला आल्यावर मामीने "काय रांधू?" विचारलं, तर तो गेल्या सुट्टीत कोणती भाजी पातेल्यात उरली होती ते सांगायचा, कारणांसकट. लग्नात जेवून उठला की पंगत कुठे तुंबली ते यजमानाला समजावून द्यायचा. लोक त्याला टाळायचे, पण त्याचं चुकलं असं कुणाला म्हणता आलं नाही.

मग एके दिवशी चांगली नोकरी सोडून स्वारी घरी. आता डेटा सायंटिस्ट व्हायचं म्हणाला. झालेलं सांगून कंटाळलो, यापुढे होणारं सांगणार. "व्हयेल गोट सांगाना पगार भेटे," मामा मला म्हणाला, "नई व्हयेल गोटना कोन देई?" मुलाखती घेणाऱ्यांचंही मत फारसं वेगळं नव्हतं. तुमचा अनुभव अहवालांचा आहे, अंदाजाचं स्वतःचं काही काम दाखवा, म्हणायचे. तेव्हा त्याची नजर मामाच्या पथारीवर गेली. पथारी म्हणजे शेताकडेला उन्हात वाळत घातलेली लाल मिरची. अवकाळी पावसाची एक सर आली की हंगामाची मेहनत पाण्यात. त्याने पथारीच्या मधोमध काठी रोवून हवेतली ओल मोजणारं यंत्र टांगलं, लॅपटॉपमध्ये पावसाचा अंदाज बांधणारं आपलं मॉडेल बसवलं आणि एका सकाळी जाहीर केलं, "आबा, आज पानी नक्की येई."

मामाने सगळी मिरची ताडपत्रीखाली झाकली. दिवसभर कडकडीत ऊन पडलं. ओली मिरची आत घामेजली आणि बरीचशी काळी पडली. चहाच्या टपरीवर गाव पोट धरून हसलं. मामा मात्र काळी पडलेली मिरची वेगळी करत बसला, आणि त्याचीच आम्हाला धास्ती वाटली. भाऊ आपल्या जुन्या खोडीप्रमाणे झालेल्या गोष्टीच्या हात धुऊन मागे लागला आणि छडा लावून मामासमोर उभा राहिला. "आबा, चूक मन्ही शे. यंत्रले आभायनी नई, आपली मिरचीनीच वल लागनी." ताज्या तोडलेल्या मिरचीच्या डोक्यावरच त्याने ते टांगलं होतं. काठी लांब बांधावर गेली आणि 'नक्की' हा शब्द त्याच्या बोलण्यातून हद्दपार झाला.

त्यानंतर सगळ्याला एकच उत्तर. जेवतोस का, शक्यता शे. आंघोळ केलीस का, तर तिथेही शक्यताच. मामी कावून म्हणायची, "हा का नई, तितलं सांग ना रे." पुढच्या वेळी तो म्हणाला, "आबा, पानी येवानी शक्यता शे," तेव्हा आभाळ स्वच्छ होतं आणि मजा बघायला गाव बांधावर उभं होतं. मामाने वर पाहिलंच नाही. पोराकडे पाहिलं आणि पथारीवर कामाला असलेल्या बायांना म्हणाला, "बठी मिरची झाका." दुपारी अशी सर आली की हसणारेही आमच्याच ताडपत्रीत शिरले.

मुलाखतीत मात्र त्याने आधी काळी पडलेली मिरची सांगितली, मग ही सर. नोकरी मिळाली. मामा तेव्हापासून मिरचीच्या बाजारात कुणालाही धरून पोराबद्दल सांगतो, "मन्हा आंडोर उद्यानं सांगस, आनि चुकना त तेबी सोताच सांगस." मामाला अभिमान आहे, आणि मला त्याच्यापेक्षा कणभरही कमी नाही.

आता तो बंगळुरूला असतो. गेल्या वर्षी मामाने फोनवर विचारलं, "दिवाईले येशी का नई?"

"शक्यता शे, आबा."

मामाने हो-नाहीचा हट्ट धरला नाही. फोन ठेवून मामीला म्हणाला, "शक्यता शे म्हने. दाळ-बट्टी कर." भावाला सुट्टी मिळाली नाही. बट्ट्या आम्ही खाल्ल्या, आणि मामा जेवता जेवता उठून रस्त्यापर्यंत जाऊन आला. यंदा भावाचा फोन अजून आलेला नाही, पण मामीने बट्टीचं पीठ दळून आणलंय.