हॉर्न न वाजवणारी गाडी

आमच्या गाडीचा हॉर्न आप्पा वाजवत नसत. हॉर्न म्हणजे ‘बाजूला हो’ असा हुकूम, आणि हुकूम सोडायचं काम पुढाऱ्यांच्या गाड्यांचं, असं माझ्या वडिलांचं म्हणणं. जुनी पांढरी मोटार, टपावर बांधलेला भोंगा, मागच्या सीटवर पत्रकांचे गठ्ठे. कन्हेरी, जळोची, भिगवण, इंदापूर. कधी पाण्याचं समान वाटप, कधी ऊसतोड बायकांची मजुरी. पत्रकाचा विषय बदलायचा, रस्ता तोच. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर, आणि विसाव्या वर्षी ती लिहायलाही लागले होते.

हॉर्न वाजला नाही तरी आम्ही आल्याचं गावाला कळायचं. त्या वर्षी ब्रेक दाबला की पुढच्या चाकांतून बारीक, टोकदार किंचाळी निघायची. कन्हेरीत बायका हातातलं काम टाकून ओट्यावर यायच्या. “आप्पांची गाडी आली गं!” हॉर्न न वाजवणाऱ्या माणसानं ही हाळी मुद्दाम ठेवली असेल, असं सगळ्यांनीच धरलं होतं. मीही. म्हणून कुणी त्यांना कधी टोकलं नाही. ब्रेकचं तेल कमी झालं की आप्पा डबीत नवं ओतायचे. ते कमी का होतंय, हे सरकारला रोज जाब विचारणाऱ्या आम्हा दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

एका सकाळी इंदापूरच्या सभेला निघालो. भिगवणच्या अलीकडे मेंढरं रस्त्यात आडवी आली. आप्पांनी ब्रेक दाबला. या वेळी नुसती किंचाळी नव्हती. लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर आली, गाडी उजवीकडे ओढली गेली आणि कळपाला नाक लावून थांबली. एकाही मेंढराला लागलं नाही. पण मेंढरांमागचा म्हातारा काठी आपटत खिडकीशी आला.

“कवाधरनं बोंबलतीया गाडी! आइकू येत न्हाय व्हय, पावणं?”

आप्पा हसून म्हणाले, “राम राम आबा. आज कुठं मुक्काम?”

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मी मान खाली घातली.

भिगवणात स्टेशनाकडच्या रस्त्यावर एक गॅरेज होतं. तिथला मिस्त्री आमच्या सभांना यायचा. तो गाडीबरोबर चालत म्हणाला, “हळू घ्या, आप्पा. आता दाबा. हां! डावं चाक खरखरतंय, उजवं आरडतंय. ध्यानात आलं?”

“थांबला की आवाज,” आप्पा म्हणाले.

“चेष्टा करताय व्हय गरिबाची?” मिस्त्री हसला. “पुन्यांदा दाबा.”

समोरच्या टपरीवरची माणसं चहा सोडून वळून बघायला लागली. आप्पा मात्र मिस्त्रीच्या ओठांकडे बघत होते.

मिस्त्रीचं हसू गेलं. त्यानं जॅक लावला आणि चाकं उतरवली. उजव्या चाकातलं ब्रेकचं पॅड काढून ते त्यानं माझ्या हातात दिलं. आप्पांना काही सांगायचं त्यानं सोडूनच दिलं होतं. “ही पत्री बघा, ताई. पॅड झिजत आलं की ही चाकाच्या चकतीला लागती न् वरडती. सांगायलाच बसवलीया ती. माझा बा घंटीवरनं मेंढरू वळखायचा, तसंच ह्ये.” डाव्या चाकातल्या पॅडवर तर काहीच उरलं नव्हतं, नुसतं पोलाद. चकतीवर नख फिरवलं तर चरांत अडकत होतं.

नवी पॅडं बसवण्यासाठी पिस्टन मागं ढकलायचा होता. त्याआधी मिस्त्रीनं डबीतलं तेल पिचकारीनं उपसून काढलं. “किती वतलंय ह्ये! पॅड झिजलं की तेल खाली जातंयच. वतत बसायचं न्हाय, चाक खोलून बघायचं.”

मी पॅड हातात धरून उभी होते. मला इंदापूरची मागची सभा आठवत होती. एका बाईनं मजुरीचं विचारलं आणि आप्पांनी कालव्याचं उत्तर दिलं. परतताना मी भांडले होते. तुम्हीही पुढाऱ्यांतलेच झालात, नको तो प्रश्न तुम्हाला ऐकूच येत नाही, असं त्यांच्या तोंडापाशी जाऊन ओरडले होते. पुढच्या पत्रकात मी लिहिलं, ‘जे लोकांचं ऐकत नाहीत, त्यांनी लोकांपुढे बोलू नये.’ आप्पांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “हे वाक्य ठळक टाकू.” त्या दिवसापासून सभेत ते बोलले नव्हते. माईक माझ्या हातात द्यायचे. मला वाटलं होतं, मी त्यांना सुधारलं.

चकत्या लेथवर घासून आणेपर्यंत दुपार झाली. दोन्ही चाकांची पॅडं बदलली, पेडल घट्ट लागेपर्यंत मिस्त्रीनं दाबून पाहिलं. “सुरवातीला दमानं चालवा. करकचून दाबू नका,” तो मलाच म्हणाला. आप्पांनी किल्ली माझ्यापुढं धरली. मी घेतली नाही. त्यांनी ती माझ्या मुठीत घातली आणि डावीकडच्या सीटवर जाऊन बसले.

“आप्पा, मला माहीत नव्हतं,” मी म्हणाले. ते समोरच्या रस्त्याकडे बघत होते. माझे ओठ त्यांना दिसले नाहीत.

इंदापूरच्या वाटेवरच्या पहिल्या गावात मी ब्रेक दाबला. गाडी अलगद थांबली. काही आवाज झाला नाही. आप्पा पत्रकं मांडीवर घेऊन बसले, ओट्यांकडे बघत. एक बाई धान्य पाखडत होती, तिनं वर पाहिलं नाही. कुणीच बाहेर आलं नाही.

“हॉर्न वाजव,” आप्पा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बाईकडेच बघत होते. मी तळहात हॉर्नवर दाबून धरला.

“वाजला का?” त्यांनी विचारलं.